हिमनदी गेल्यानंतर

भूगोलाच्या पुस्तकातील ‘हिमनदीचे कार्य’ हा भाग भवानीनगरसारख्या गावातील शाळेत शिकवायचा म्हणजे शिक्षकांची थोडी पंचाईतच असते. नदीचे कार्य शिकवताना नीरा आणि कऱ्हा हाताशी असतात. वाऱ्याचे कार्य शिकवताना चैत्र-वैशाखातील वावटळ दाखवता येते. पण हिमनदी? बर्फ म्हटला की मुलांना रसवंतीतला आठवतो, नाहीतर गारपिटीतला. त्यामुळे हिमोढ, हिमगव्हर, मेषशिला, ‘यू’ आकाराची दरी ही नावे पाठ होतात, उत्तरपत्रिकेत उतरतात आणि विसरली जातात.

या लेखात त्या धड्याच्या पुढची गोष्ट पाहू. हिमनदी काय करते हे पुस्तकात असते. ती निघून गेल्यावर डोंगराचे, दरीचे आणि मातीचे काय होते, हे मात्र सहसा नसते. आज हिमालयात नेमके हेच घडते आहे, आणि दरवर्षी चारधामला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंचा त्याच्याशी थेट संबंध येतो. दुसरे असे की, हिमनदी गेल्यानंतरच्या भूभागाचा अस्सल पुरावा पाहायला महाराष्ट्राबाहेर जायलाच हवे असे नाही. तो चंद्रपूर जिल्ह्यात आहे. फक्त तो बर्फ वितळून सुमारे ३० कोटी वर्षे झाली आहेत.

हिमनदी ‘मागे हटते’ म्हणजे काय?

‘हिमनदी मागे हटते’ असे आपण म्हणतो, तेव्हा बर्फ उलटा डोंगर चढतो अशी समजूत मुले करून घेतात. तसे काही होत नाही. हिमनदीतील बर्फ आपल्या वजनाने सतत उताराकडेच सरकत असतो. हे समजावून द्यायला नीरा डावा कालवा उपयोगी पडेल. कालव्याचे पाणी नेहमी पुढेच वाहते. पण वरून सोडलेले पाणी कमी झाले किंवा वाटेत उपसा वाढला, की आवर्तन टेलपर्यंत पोहोचत नाही. पाणी मागे फिरलेले नसते, पाण्याचे टोक मागे आलेले असते. हिमनदीच्या बाबतीत वरून येणारा पुरवठा म्हणजे हिमवृष्टी आणि वाटेतला खर्च म्हणजे वितळणे. खर्च पुरवठ्यापेक्षा वाढला की हिमनदीचे मुख दरीत वर वर सरकते, आणि त्याच वेळी तिची जाडीही कमी होते.

गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. तिचे मुख म्हणजे गोमुख. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे जॉन ऑडेन यांनी १९३५ साली या मुखाचा नकाशा तयार केला. त्या खुणेपासून मोजले तर गोमुख आजपर्यंत सुमारे दीड किलोमीटर मागे सरकले आहे. हा वेग सर्व काळ सारखा नव्हता, आणि हिमालयातील सर्व हिमनद्यांचा वेगही सारखा नाही. काराकोरममधील काही हिमनद्या तर बराच काळ जवळजवळ स्थिर होत्या. पण एकंदर कल स्पष्ट आहे. काठमांडूच्या ‘इसिमोड’ या संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्यांची घट २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने झाली.

गोमुख आज जेथे आहे तेथेच पूर्वीही असावे असे समजण्याचे कारण नाही. सुमारे ६० हजार वर्षांपूर्वी हीच हिमनदी आजच्या मुखाच्या ४० किलोमीटर खाली, झाला या गावापर्यंत पसरली होती, असे तेथील हिमोढांच्या अभ्यासातून दिसते. म्हणजे गंगोत्रीचे मंदिर, हर्सिल आणि यात्रेचा तेथला सगळा रस्ता हे सारे एकेकाळच्या हिमनदीच्या तळाशी आहे.

ओझे खाली ठेवले जाते

हिमनदी ही नुसत्या बर्फाची नसते. दरीच्या कड्यांवरून पडलेले दगड ती पाठीवर आणि कडेने वाहून नेते. तळाशी अडकलेल्या दगडगोट्यांनी ती खालचा खडक कानशीने घासावा तसा घासते. या घासण्यातून खडकाचे पिठासारखे बारीक चूर्ण तयार होते. हिमनदीतून निघणारा प्रवाह दुधाळ किंवा राखाडी दिसतो तो या पिठामुळे.

बर्फ वितळतो तेव्हा हे सगळे ओझे जागच्या जागी खाली ठेवले जाते. येथे नदी आणि हिमनदी यांच्यातला मुख्य फरक लक्षात येतो. वाहते पाणी निवड करते. वेग कमी झाला की आधी मोठे गोटे टाकते, मग वाळू आणि अखेरीस गाळ. बर्फाला अशी निवड करता येत नाही. खोलीएवढा दगड आणि पिठाचा कण त्याच्या दृष्टीने सारखेच. म्हणून हिमोढात मोठा दगड, गोटा, वाळू आणि चिकणमाती यांची सरमिसळ असते. मुखापुढे वितळलेल्या पाण्याचे प्रवाह मात्र या ढिगाऱ्यातून बारीक माल उचलतात आणि पुढच्या सपाटीवर थराथराने पसरतात. एकाच हिमनदीने आणलेला माल अशा रीतीने दोन प्रकारांनी मागे उरतो, एक न निवडलेला आणि दुसरा पाण्याने निवडलेला. ही खूण लक्षात ठेवू या. पुढे चंद्रपूरला तिचा उपयोग होणार आहे.

टेकू निघतो

हिमनदी दरीचे कडे कोरून ते उभे करते, आणि ती तेथे असेपर्यंत त्या कड्यांना आधारही तीच देते. शेकडो मीटर जाडीचा बर्फ गेला की भिंतीचा टेकू काढल्यासारखे होते. कड्यांवरचा दाब उतरतो, खडकात पृष्ठभागाला समांतर भेगा पडतात. फटींत गोठलेले पाणी आतापर्यंत खडक बांधून ठेवत होते, तेही वितळू लागते. दरडी कोसळतात, हिमोढांचे उतार पावसात खचतात, नद्या एरवीपेक्षा कितीतरी अधिक गाळ वाहू लागतात. बर्फ गेल्यानंतरच्या पहिल्या काळात ही उलथापालथ सर्वांत जास्त असते. सैल माल जसजसा वाहून जातो किंवा वनस्पतींखाली स्थिरावतो, तसतशी ती ओसरते. पण ओसरायला शेकडो, मोठ्या दऱ्यांत हजारो वर्षेही लागतात. या संक्रमणाच्या अवस्थेला भूरूपशास्त्रात वेगळे नाव देण्याची गरज १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातील संशोधकांना वाटली. ‘पॅराग्लेशियल’ हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. मराठीत आपण त्याला ‘हिमोत्तर अवस्था’ म्हणू.

हिमोत्तर अवस्थेतील सर्वांत धोकादायक गोष्ट म्हणजे तळी. हिमनदी मागे सरकते, तिचा जुना अंत्य हिमोढ बांधासारखा पुढे उभा राहतो आणि मधल्या खळग्यात पाणी साठते. हा बांध कोणी घातलेला नसतो. त्यात दगड, माती आणि कधी कधी न वितळलेला जुना बर्फही असतो. त्याला सांडवा नसतो आणि गाभ्यात चिकणमातीची भिंत नसते. पाझर तलावावर काम केलेला कोणीही सांगेल की असा बांध फार काळ भरवशाचा नाही.

केदारनाथच्या वर चोराबारी हिमनदीजवळचे तळे असेच हिमोढाने अडवलेले होते. जून २०१३ मध्ये अतिवृष्टी आणि वितळणारे बर्फ या दोहोंचे पाणी त्यात साठले आणि १७ जूनच्या सकाळी बांध फुटला. केदारनाथची वस्ती मुळात त्याच हिमनदीने पूर्वी टाकलेल्या मालावर वसलेली आहे. त्या आपत्तीत हजारो माणसे गेली. त्यांत महाराष्ट्रातून गेलेले यात्रेकरूही होते.

सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे सरोवर १९६० च्या दशकात लहानसे तळे होते. हिमनदी मागे सरकत गेली तसे ते वाढले. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री त्याच्या काठावरील हिमोढाचा सुमारे दीड कोटी घनमीटर एवढा भाग खचून पाण्यात पडला. त्यामुळे उठलेल्या लाटेने पुढचा बांध फोडला आणि तीस्ता नदीला आलेल्या पुराने चुंगथांग येथील जलविद्युत प्रकल्पाचे धरण वाहून नेले. त्याआधी ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात रोंती शिखराच्या उतारावरून सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ एकदम कोसळला होता. तेथे तळे फुटलेले नव्हते, कडाच निखळला होता.

या तिन्ही घटना एकसारख्या नाहीत आणि प्रत्येकीचे खापर केवळ हवामानबदलावर फोडणे बरोबर होणार नाही. केदारनाथला पावसाचा वाटा मोठा होता. चमोलीला खडकातील जुन्या भेगांचा होता. पण आपण कोठे बांधतो आणि कोठे मुक्काम करतो, हे ठरवताना दरी अजून स्थिरावलेली नाही हे ध्यानात घ्यावे लागते. एवढा धडा तिन्हींतून मिळतो.

उघड्या दगडावर माती कशी येते?

हिमोत्तर अवस्थेची दुसरी बाजू अधिक शांत आहे. बर्फाखालून नुकताच बाहेर आलेला दगडगोटा हा जवळजवळ निर्जीव असतो. त्यात खनिजे भरपूर असतात, फॉस्फरस असतो, पण नायट्रोजन जवळजवळ नसतो, कारण नायट्रोजन खडकात नाही, हवेत आहे. म्हणून अशा जागी पाय रोवायचा तर हवेतून नायट्रोजन घेऊ शकणाऱ्या जिवांना आधी यावे लागते.

सुरुवात करतात ते सूक्ष्मजीव, नील-हरित शैवाले आणि दगडफूल. होय, गोड्या मसाल्यात घालतो त्या दगडफुलाच्याच वर्गातले जीव. बुरशी आणि शैवाल यांची ही जोडगोळी उघड्या खडकावर वाढते आणि त्याला फार हळू झिजवते. काही जाती वर्षाला एक मिलिमीटरहूनही कमी वाढतात. त्यामुळे हिमोढावरील दगडफुलाच्या सर्वांत मोठ्या चकतीचा व्यास मोजून तो दगड बर्फाबाहेर येऊन किती वर्षे झाली असावीत याचा अंदाज बांधता येतो. ही पद्धत १९५० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या रोलंड बेशेल यांनी रूढ केली.

या बदलांचा सर्वांत दीर्घ अभ्यास अलास्कातील ग्लेशियर बे येथे झाला आहे. १७९४ साली व्हॅंकुव्हर यांची मोहीम तेथून गेली तेव्हा ती खाडी बर्फाने भरलेली होती. १८७९ साली जॉन म्यूर तेथे गेले तेव्हा ती बरीच मोकळी झाली होती. पुढे एकंदर सुमारे १०० किलोमीटर बर्फ मागे गेला. विल्यम कूपर यांनी १९१६ साली तेथे जमिनीचे छोटे चौकोन आखून त्यांतील वनस्पतींची नोंद सुरू केली. ती शंभराहून अधिक वर्षे चालू राहिली आहे. मुखाजवळ काळसर शैवालाचा पापुद्रा, त्यापुढे बुटकी फुलझाडे, मग आल्डरची झुडपे आणि अखेर स्प्रूसचे उंच जंगल असा क्रम तेथे दिसतो. आल्डरच्या मुळांवर गाठी असतात. आपल्याकडे हरभरा-भुईमुगाच्या मुळांवर असतात तशा, पण त्यांतील जिवाणू वेगळ्या गटाचे. ते हवेतील नायट्रोजन मातीला देतात, आणि त्यावर पुढचे जंगल उभे राहते. मात्र हा क्रम सगळीकडे ठरावीकच असतो असे नाही. बियाणे कोठून येते आणि आधी कोण पोहोचते यावरही बरेच अवलंबून असते, हे त्याच चौकोनांनी नंतर दाखवून दिले.

गंगोत्रीहून गोमुखाला चालत जाणाऱ्याला हा क्रम उलट दिशेने पाहायला मिळतो. वाटेतील ठिकाणांची नावेच त्याची साक्ष देतात. आधी लागते चीडबासा, म्हणजे चीड वृक्षांची जागा. पुढे भोजबासा, म्हणजे भूर्जवृक्षांची जागा, ज्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत. त्यापुढे झुडपे आणि गवत, आणि शेवटी नुसते दगड. हिमालयातील अनेक हिमोढांवर आणि नदीच्या वाळूवर छर्मा नावाचे काटेरी झुडूप वाढते. त्याच्याही मुळांवर आल्डरसारख्या गाठी असतात. हिमोढ बांधून ठेवण्याचे मोठे काम ते करते. चढताना तापमानही घटत असल्याने हा क्रम केवळ काळाचा नाही, उंचीचाही आहे, हे विद्यार्थ्यांना सांगायला विसरू नये.

चंद्रपूरजवळचा ओरखडलेला खडक

आता महाराष्ट्राकडे येऊ. ओडिशातील तालचेर येथे कोळशाचा शोध घेत असताना १८५६ साली विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे बंधू व त्यांचे सहकारी थिओबाल्ड यांना कोळशाच्या थरांच्या खाली एक चमत्कारिक थर आढळला. अगदी बारीक मातीच्या खडकात माणसाएवढे गोल दगड रुतलेले होते. कोडे असे होते की, एवढे दगड वाहून नेईल इतका जोराचा प्रवाह बारीक माती तेथे टिकू देणार नाही, आणि माती बसेल इतका संथ प्रवाह ते दगड हलवू शकणार नाही. हे काम बर्फाचे असावे असे त्यांनी सुचवले. लुई अगासी यांनी युरोपातील हिमयुगाची कल्पना ग्रंथरूपाने मांडली त्याला तेव्हा अवघी सोळा वर्षे झाली होती. उष्ण कटिबंधातल्या ओडिशात बर्फ ही गोष्ट अनेकांना पटेना.

निर्णायक पुरावा १८७२ साली चंद्रपूरच्या नैर्ऋत्येला, पैनगंगेच्या परिसरातील इरई या गावाजवळ मिळाला. (चंद्रपूरजवळून वाहणाऱ्या इरई नदीशी या गावाची गल्लत करू नये.) भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे फ्रान्सिस फेडन यांना तेथे तालचेरसारखाच दगडगोट्यांचा थर एका फार प्राचीन चुनखडकावर बसलेला दिसला. गडचांदूर परिसरातील सिमेंट कारखाने ज्याच्यावर चालतात त्याच जातीचा हा चुनखडक. त्याचा पृष्ठभाग जेथे उघडा पडला होता तेथे तो गुळगुळीत घासलेला होता आणि त्यावर एकमेकांना समांतर ओरखडे आणि खोबणी होत्या. वरच्या थरातील काही दगडांच्याही बाजू सपाट घासलेल्या आणि ओरखडलेल्या होत्या. फेडन यांनी ही हकीकत १८७५ साली प्रसिद्ध केली.

येथे पुराव्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. दगडमातीची सरमिसळ एकट्याने काहीच सिद्ध करत नाही, कारण दरड कोसळून आलेल्या चिखलाच्या लोंढ्यातही ती असते. ओरखडे एकट्याने सिद्ध करत नाहीत, कारण खडकातील भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर घसरल्या तरी ओरखडे पडतात. दूरच्या प्रदेशातील दगड एकट्याने सिद्ध करत नाहीत, कारण नदीही दगड दूर नेते. पण न निवडलेला माल, त्यातील घासलेले दगड, खालच्या खडकावर समांतर ओरखडे आणि वरच्या बारीक थरात तरंगत्या बर्फातून सुटून पडलेले एकटे-दुकटे गोटे हे सगळे एकाच जागी सापडते, तेव्हा हिमनदीखेरीज दुसरे उत्तर उरत नाही.

पुढे असेच थर दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेतही नोंदले गेले. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना विखुरलेल्या या प्रदेशांत एकाच सुमारास बर्फ कसा? जर्मनीचे आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ पासून मांडलेल्या खंडवहनाच्या कल्पनेत हा पुरावा महत्त्वाचा ठरला. हे सर्व भूखंड तेव्हा एकत्र आणि दक्षिण ध्रुवाच्या जवळ होते. भारताच्या शेजारी अंटार्क्टिका होता. त्या एकत्रित भूखंडाला आज आपण गोंडवन म्हणतो. हे नाव ज्या गोंड राज्यावरून आले त्याची एक राजधानी चंद्रपूर होती.

बर्फानंतरचे चंद्रपूर

तेथील खडकांचे थर खालून वर वाचत गेले तर हिमोत्तर अवस्थेचे सगळे टप्पे ओळीने भेटतात. सर्वांत खाली ओरखडलेला चुनखडक, म्हणजे हिमनदीचा तळ. त्यावर दगडगोट्यांचा थर, म्हणजे हिमोढ. त्यावर हिरवट वाळूखडक, म्हणजे वितळलेल्या पाण्याने निवडून पसरलेली वाळू. त्याच्या जोडीने सुईसारखे तुकडे होणारा शेल, म्हणजे शांत तळ्यांत बसलेले खडकाचे पीठ. बर्फाचे पाणी समुद्रात गेल्याने समुद्राची पातळीही वाढली आणि मध्य भारतात काही ठिकाणी समुद्र आत शिरला. छत्तीसगडमधील मनेंद्रगड येथे त्या काळच्या समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म मिळतात.

मग वनस्पती येतात. तालचेर काळातील वरच्या थरांत गॅंगॅमॉप्टेरिस या वनस्पतीची पाने सापडतात, आणि पुढे ग्लॉसॉप्टेरिसचे राज्य सुरू होते. त्याची पाने जिभेच्या आकाराची असतात, नावाचा अर्थही तोच. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली मृत्यू पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीने शेवटपर्यंत न टाकलेल्या सुमारे १६ किलो दगडांत याच वनस्पतीचे जीवाश्म होते.

या वनस्पतींची दलदलीत साठलेली रास म्हणजे बल्लारपूर, घुग्गुस, माजरी, वणी आणि दुर्गापूरचा दगडी कोळसा. येथे एक काळजी घ्यायला हवी. बर्फ गेला आणि लगेच कोळसा झाला असे नव्हे. मधे लाखो वर्षे गेली. कोळशाचे जाड थर साठायला जमीन सतत खचत राहावी लागते, आणि वर्धा खोऱ्यातील जमीन खचली ती भूकवच ताणले गेल्यामुळे. हिमनद्यांनी दिले ते एवढेच की, घासलेल्या सखल जमिनीवर ताज्या खनिजांची माती, भरपूर पाणी आणि मोकळी जागा.

त्याच कोळशावर आज २९२० मेगावॉट क्षमतेचे चंद्रपूरचे महाऔष्णिक वीजकेंद्र चालते. एका हिमयुगाच्या अखेरीनंतर वनस्पतींनी हवेतून काढून जमिनीत ठेवलेला कार्बन आपण पुन्हा हवेत सोडत आहोत. अशा जगभरच्या ज्वलनाचा परिणाम म्हणून २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळापेक्षा सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. आजच्या हिमनद्या मागे सरकण्याचे मुख्य कारण तेच आहे. गंगोत्री आणि दुर्गापूरची खाण या दोन धड्यांतल्या दोन गोष्टी नाहीत.

मग भवानीनगरला काय दिसेल?

भवानीनगरला विहीर खणताना आधी काळी माती, मग मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो. हा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. चंद्रपूरचा बर्फ वितळून तेव्हा २३ कोटींहून अधिक वर्षे झाली होती. जो खडक तेव्हा अस्तित्वातच नव्हता त्यावर ओरखडे असणार कसे? आणि कोयना परिसरातील खोल विंधनांत बेसॉल्टखाली थेट ग्रॅनाइटसारखे त्याहूनही प्राचीन खडक लागले आहेत. पश्चिम महाराष्ट्रात तो बर्फ नव्हताच असे यावरून म्हणता येत नाही. त्याची वही येथे उरलेली नाही, एवढेच.

अलीकडच्या हिमयुगाचा बर्फ तर महाराष्ट्रात आलाच नाही, पण त्याचा परिणाम आला. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि मोसमी पाऊस कमी होता. डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू आणि पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे यांनी १९८७ साली दख्खनच्या पठारावरील नद्यांचा जो इतिहास मांडला, त्यात कोरड्या काळात नद्यांनी गाळ साठवला आणि पुढे पाऊस वाढल्यावर त्याच गाळात खोल कापत गेल्या, असे दिसते. नदीकाठी गाळाच्या उभ्या दरडी दिसतात त्या अशाच काळाच्या नोंदी आहेत. मोरगावजवळ कऱ्हेच्या काठच्या थरांत तर दूरच्या ज्वालामुखीची राखही सापडली आहे.

वर्गात करून पाहू

पहिला प्रयोग. एका काचेच्या बरणीत खडी, वाळू, बारीक माती आणि पाणी घालून हलवा व ठेवून द्या. तळाशी खडी, वर वाळू आणि सर्वांत वर माती बसेल. हेच मिश्रण एका वाटीत थोड्या पाण्यासह गोठवा आणि तिरक्या फळीवर वितळू द्या. जाडेभरडे जागीच ढीग होऊन राहील, थोडी बारीक माती पाण्याबरोबर खाली जाईल. पहिले नदीचे काम, दुसरे हिमनदीचे.

दुसरा प्रयोग. वाटीच्या तळाशी जाड वाळू टाकून तिच्यावर पाणी गोठवा. हा बर्फ वाळूची बाजू खाली करून कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीवरून एकाच दिशेने दाबून ओढा. साबणावर समांतर ओरखडे पडतील. आता ती वडी दुसऱ्या गटाच्या हाती द्या आणि बर्फ कोणत्या रेषेत गेला ते ओळखायला सांगा. रेष कळेल, पण ती दोन्हींपैकी कोणत्या दिशेने गेली हे नुसत्या ओरखड्यावरून सांगणे अवघड जाईल. त्यासाठी आणखी कोणता पुरावा लागेल, यावर चर्चा होऊ द्या.

तिसरे काम निरीक्षणाचे. नीरेच्या किंवा कऱ्हेच्या काठी गाळाची दरड सुरक्षित अंतरावरून पाहून तिचे चित्र काढा. गोटे कोठे आहेत, माती कोठे आहे, थर स्पष्ट आहेत की सरमिसळ आहे, याची नोंद करा. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ पासून २१ मार्च हा जागतिक हिमनदी दिन ठरवला आहे. परीक्षांच्या आधीचे ते दिवस असले तरी एखादा तास त्यासाठी काढता येईल. चंद्रपूरकडील शाळांना इरईच्या परिसरात सहल नेणे शक्य आहे. तेथे गेल्यास हातोडी मात्र शाळेतच ठेवावी. ३० कोटी वर्षे टिकलेला ओरखडा एका घावात जातो.